दोन तासांचं पाणी

या व्यवहारातून जावयाला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, ओळखीचं गिऱ्हाईक आणल्याबद्दल अर्धा पगार वर. दुसरी, हेडफिटरची जागा. जुना हेडफिटर निवृत्तीला आला होता आणि मालक ती जागा तिघा फिटरांना आळीपाळीने दाखवत होते. तिसरी गोष्ट कुठल्या कागदावर येत नाही, पण मला विचाराल तर त्याची सगळी धडपड तिच्यासाठीच होती. 'जावईबापूंमुळे झालं हो,' हे वाक्य त्याला सासऱ्याच्या तोंडून चारचौघांत एकदा ऐकायचं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासऱ्याच्या मनात दातांचा डॉक्टर होता आणि पदरात पडला फिटर. तसं ते कधी बोलले नाहीत. पण न बोललेलं जावयाला जास्त ऐकू येतं.

मी त्या शोरूममध्ये वॉरंटीच्या टेबलावर बसते. आम्ही कॅरॅव्हॅन विकतो, म्हणजे मोटारीला मागे जोडून ओढत न्यायची घरं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन, सगळं. विक्री पुढच्या काचेच्या खोलीत होते, थंड हवेत. माझं टेबल मागे, वर्कशॉपच्या दाराशी. पुढून हसत गेलेलं माणूस मागच्या दाराने परत येतं ते माझ्याकडे, आणि तेव्हा ते हसत नसतं.

सासऱ्यांना आम्ही कवळीवाले म्हणायचो. चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. खाली कारखानावजा एक खोली, वर राहायच्या दोन. हात असा, की दोन दातांमधली फट ते नुसत्या अंगठ्याच्या नखाने सांगायचे. कवळी टोचते म्हणून कोणी आलं, तर ते कधी 'डॉक्टरने माप चुकीचं घेतलं' म्हणाले नाहीत, घेतलेलं असलं तरी. छोटं मशीन सुरू करायचे, घासायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "आता हसून दाखवा."

जावई सासूला मामी म्हणायचा, म्हणून आम्हीही मामीच म्हणायला लागलो. मामींनी ती चाळीस वर्षं वरच्या खोल्यांत काढली. खालून कवळ्यांची गुलाबी धूळ वर यायची, भांड्यांवर बसायची. स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि खिडकीत एका गोदामाची भिंत. दुसरं काही नाही.

"मला दागिना नको, साडी नको," मामींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "मला रोज सकाळी वेगळी खिडकी पाहिजे. खिडकी तीच चालेल, बाहेरचं वेगळं पाहिजे."

म्हणून कवळीवाल्यांनी मशिनं विकली, खोल्या घरमालकाला परत केल्या आणि होतं नव्हतं ते घालून कॅरॅव्हॅन घेतली. एक सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्यांच्याकडे मागे फिरायला घर उरलं नव्हतं. ती गाडी हेच घर.

ताबा द्यायच्या दिवशी सगळं कुटुंब दीड तास आधीच येऊन उभं राहिलं. मुलगी, दोन नाती, कवळीवाले इस्त्रीच्या सदऱ्यात. मामी सकाळपासून आत पडदे लावत होत्या. पडदे त्यांनी स्वतः शिवले होते, सात खिडक्यांचे चौदा.

आता आमच्याकडचा एक नियम. नवी कॅरॅव्हॅन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी पाण्याच्या खोलीत दोन तास उभी करायची. वरून आणि चारही बाजूंनी फवारे सोडायचे, मग आत जाऊन कोपरा न् कोपरा हाताने चाचपायचा. कारखान्यात माणसंच गाड्या बनवतात आणि माणूस जेवणाच्या सुट्टीआधी घाई करतो, एवढंच त्या नियमामागचं शहाणपण. तपासणीच्या कागदावर चौऱ्याऐंशी ओळी असतात. पाण्याची ओळ ऐंशीवी.

जावई गाडी पाण्याच्या खोलीकडे न्यायला निघाला तशा मामी दारात आल्या.

"हे काय? नव्याकोऱ्या गाडीला आंघोळ?"

"चाचणी असते, मामी. दोनच तास."

"दोन तास! आणि मी काय ओल्या पायऱ्यांवरून आत जायचं? पडदे लावलेत मी."

"पडदे आत आहेत, मामी. पाणी बाहेरून मारतात."

"म्हणजे आत येणार नाही ना?"

"छे! आत कसं येईल?"

"मग बघायचं कशाला?"

सगळे हसले. मीही हसले, कारण या तर्काला आमच्या नियमांच्या पुस्तकात उत्तर नाही. कवळीवाल्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आहात ना, जावईबापू? घरचा माणूस असताना पाण्याची साक्ष कशाला?"

फिटर सासऱ्याला नाही म्हणू शकतो. सासूलाही, फार तर, म्हणू शकेल. पण नऊ वर्षांनी खांद्यावर पडलेल्या हाताला नाही म्हणणारा फिटर मी तरी पाहिलेला नाही. जावयाने ऐंशीव्या ओळीवर खूण केली. खाली छापलेलं होतं, 'चाचणी गिऱ्हाइकासमोर झाली.' तिथे कवळीवाल्यांनी सही केली, दातासारखी रेखीव. मग मालकांनी किल्ली दिली, आणि मालक, विक्रीवाले, फिटर अशा अकरा माणसांसमोर कवळीवाले म्हणाले, "जावईबापूंमुळे झालं हो."

तिसरी गोष्ट त्याला त्याच दिवशी रोख मिळाली.

पुढचे चार महिने मामींनी मुलीला फोटो पाठवले. फोटोत माणूस एकही नाही. फक्त खिडकी आणि खिडकीबाहेरचं. तळं. मेंढ्या. लांबवर पसरलेलं माळरान. पेट्रोल पंप, पेट्रोल पंपाचे तर तीन, तीन वेगळ्या पंपांचे. जावई ते मला दाखवायचा. "बघा ताई, आमच्या मामींना पंपसुद्धा आवडतो."

पाचव्या महिन्यात एक फोटो आला, त्यात खिडकी नव्हती. पलंगाच्या वरचा डावा कोपरा होता आणि त्यावर तपकिरी डाग, तळहाताएवढा.

ते परत आले तेव्हा डाग टॉवेलाएवढा झाला होता. मी बोट लावलं तर भिंत आत गेली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. कवळीवाले माझ्या बोटाकडे बघत होते.

"वॉरंटीत आहे ना, बाई?"

"आहे ना," मी म्हटलं. "पण कोणाच्या, ते बघावं लागेल."

कॅरॅव्हॅनची वॉरंटी म्हणजे मोठं एकत्र कुटुंब. पंगतीला सगळे, खरकटं काढायला कोणी नाही. चाकांचा सांगाडा एका कंपनीचा, खिडक्या दुसरीच्या, फ्रिज तिसरीचा, छतावरचा झरोका चौथीचा, आणि हे सगळं जोडून वर स्वतःचं नाव लावणारा कारखाना पाचवा. मी पाचही ठिकाणी पत्रं टाकली. खिडकीवाल्यांचा माणूस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आमची खिडकी कोरडी आहे. पाणी तिच्या बाजूने जातंय." झरोकावाल्यांनी कळवलं की पाणी वरून येत असेल तर ते छत, झरोका नव्हे. फ्रिजवाल्यांनी नवीन फ्रिज घेतल्यास सवलत देऊ केली. कारखान्याने उत्तर द्यायला पाच आठवडे घेतले.

ते पाच आठवडे दोघं आमच्या आवारात राहिली. वर्कशॉपच्या मागे, गाडीवर ताडपत्री टाकून. ताडपत्रीने सातही खिडक्या झाकल्या जायच्या. मामी दिवसा दिवा लावून बसायच्या. ओलीचा वास कपड्यांना लागला होता. त्या माझ्याशी बोलायला आल्या की दोन पावलं लांब उभ्या राहायच्या. कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "तुमचा जावई असता तर तुम्ही तगादा लावला असता का?" मी म्हटलं, मला जावई नाही. "मग तुम्हाला सोपं आहे," मामी म्हणाल्या.

शेवटी कारखान्याचा तपासनीस आला. सभ्य माणूस, बूट काढून आत गेला. त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं, दोन सुया असलेलं. कोपऱ्यात टोचलं की ते ओरडायचं. भिंतीवरून खाली खाली येत त्याने पलंगापर्यंत टोचलं आणि ते ओरडतच राहिलं.

"छत आणि भिंत जिथे मिळते तिथे बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी असते," त्याने कवळीवाल्यांना समजावलं. "पट्टीखाली सीलंट, फट बुजवून पाणी अडवायला. बहुतेक तिथे वीतभर जागा कोरडीच राहिली असणार. आमच्याकडूनच. उद्या तीन वाजता पट्टी उघडून बघू. निघालं तर आमची चूक."

मामींनी पदराने डोळे टिपले. जावई दाराशी उभा होता. तो मात्र सुटला नव्हता, कारण तपासनीस पुढे मला म्हणाला, "बाई, उद्या तपासणीचा कागद काढून ठेवा. आणि पाण्याच्या खोलीची वही."

इथे सरळ शब्दांत सांगते. सीलंट राहणं ही कारखान्याची चूक. पण कारखान्याचा आणि शोरूमचा करार असा, की पाण्याची चाचणी न करता गाडी दिली तर खर्च शोरूमचा. आणि शोरूमचा खर्च म्हणजे मालकांचा. मालक तो खूण करणाऱ्या फिटरकडून वसूल करतात आणि वर त्याला घरी बसवतात. दोन वर्षांपूर्वी एका फिटरला अशाच एका खोट्या खुणेपायी त्यांनी त्याच दिवशी काढलं होतं. पाण्याच्या खोलीच्या वहीत गाडीचा नंबर, वेळ, मीटरचा आकडा, सगळं असतं. त्या दिवसाचं पान कोरं होतं.

कवळीवाल्यांना गाडी दुरुस्त होऊन मिळणार होती, कदाचित नवीच. जावयाची नोकरी जाणार होती. घराचे हप्ते नुकते सुरू झाले होते, मुलीचं काम सुटलं होतं, दोन पोरी शाळेत. दोन्ही गोष्टी एकाच पट्टीखाली होत्या.

संध्याकाळी जावई माझ्या टेबलाशी आला. उभाच राहिला.

"ताई, त्या वहीत एक ओळ..."

"नाही."

"पूर्ण ऐका तरी."

"ऐकलं. वहीला मी हात लावणार नाही."

"मीटरचा आकडा मी जुळवतो. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

तो कसनुसा हसला. "बरोबर आहे. तुमचं सगळं स्वच्छ." आणि गेला. मी त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन घरी गेले, हेही लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉप रिकामं होतं. मामी सकाळीच मुलीकडे गेल्या होत्या, नातींना न्हाऊ घालायला. मी डबा धुवायला नळाकडे चालले होते. वाट त्या गाडीच्या अंगावरून जाते. कॅरॅव्हॅनची भिंत म्हणजे दोन पुठ्ठे आणि मध्ये विश्वास. आतलं बाहेर ऐकू येतं.

"मी मालकांना सांगून टाकतो, मामा. तीनच्या आधी."

"सांगून?"

"जे होईल ते होईल."

"होईल काय ते सांगा ना. दुसरी नोकरी किती दिवसांत मिळेल?"

कवळीवाल्यांनीच पुढे विचारलं.

"काढून टाकलेल्या फिटरला कोण घेतं?"

"कोणी नाही घेत."

"मग असं बोलू नका. हप्ता किती तारखेला असतो?"

"मामा, पण चूक माझी आहे."

"खूण तुमची, सही माझी, आणि पाणी मारू नका म्हणाली ती माझी बायको. तिघांत तुम्ही एकटेच कसे?" मग कवळीवाल्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "ती छतावर चढायची शिडी कुठे असते?"

मी नळाशी पोचले. डबा धुतला. परत येताना जावई वर्कशॉपच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि कवळीवाले शिडीवर होते. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. हातात कवळ्या घासायचं ते छोटं मशीन. सगळी विकली होती, एक ठेवलं होतं. डाव्या कोपऱ्याच्या पट्टीत ते भोक पाडत होते. आवाज फार नव्हता, दातांच्या दवाखान्यात येतो तेवढाच. एक पाडलं, फुंकर मारली, दुसरं पाडलं. मग खिशातून एक हुक काढला, कपड्यांच्या दोरीचा असतो तसा, आणि तो तिथे बसवला. त्यांच्या हाताकडे बघत राहावं असं वाटायचं. स्वतःचं घर मोडतानासुद्धा भोक गोल पडत होतं.

त्यांनी मला पाहिलं नाही. मी पाहिलं आणि टेबलाशी येऊन बसले. वहीत खोटं लिहायला मी नाही म्हटलं होतं. पाहिलेलं न सांगायला मला कोणी विनवलं नव्हतं. ते मी आपणहून केलं.

तीनला सगळे जमले. मालक, तपासनीस, जावई, मी. मामी आणि मुलगी फाटकातून आल्या, थोरली नात मामींच्या हाताला. तपासनीस शिडीवर चढला आणि लगेच थांबला.

"इथे हुक आहे. हा आमचा नाही."

"माझा," कवळीवाले म्हणाले.

"तुमचा म्हणजे?"

"मी लावला. कपड्यांची दोरी बांधायला. भोक पाडताना खालचं ते रबरासारखं काहीतरी निघालं. वाटलं, चालेल."

मालकांनी सुटकेचा श्वास इतक्या जोरात सोडला, की नातीने वर बघितलं.

तपासनीस मूर्ख नव्हता. त्याने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कधी पाडलंत?"

"झाले की... चारपाच महिने."

"पावसात राहिलेली कड काळपट होते, काका. ही चकचकीत आहे."

जावयाने मान वर केली. मला वाटलं, आता हा बोलेल. तोंड उघडलंही होतं त्याने. मला वाटतं, त्यालाही वाटलं होतं की तो बोलेल.

"मीच मागे लागले होते," मामी म्हणाल्या.

तपासनीस शिडीवरून खाली बघायला लागला.

"दुसऱ्या महिन्यात. तळ्याकाठी होतो तेव्हा. ओले कपडे खुर्च्यांवर टाकून टाकून जीव विटला माझा. हे म्हणत होते, आधी फिटरला विचारू. मी म्हटलं, एवढ्याशा भोकासाठी जावयाला कशाला त्रास?" त्या श्वास घ्यायला थांबल्या. "आणि कड चकचकीत आहे ती मी पुसते म्हणून. मला घाण चालत नाही. विचारा कोणालाही."

हे सांगताना त्या सगळ्यांकडे बघत होत्या, जावई सोडून.

"बाबा!" मुलगी ओरडली. "अहो, नव्या गाडीला भोक? आणि आई, तू सांगितलंस? घरात फिटर असताना! याला एक फोन केला असता तर?"

"चुकलं," कवळीवाले म्हणाले.

"चाळीस वर्षं हात चुकला नाही म्हणून मिरवत होतात ना?"

"आता चुकला."

तपासनीसाने एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा मामींकडे. त्याला कळलं होतं, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. पण त्या आवारात कोणाला काय परवडत होतं ते बघा. कारखान्याचा खर्च वाचत होता. शोरूमचा वाचत होता. मालकांचा फिटर वाचत होता आणि नवा शोधायची कटकटही. तपासनीसाला अहवाल एका ओळीत संपवून वेळेत घरी जाता येत होतं. माझी फाइल बंद होत होती. त्या खोट्याने तिथल्या प्रत्येकाचा फायदा होत होता, ते बोलणारी दोघं सोडून. अशा खोट्याला कोण हरकत घेतं?

"बाई," त्याने मला विचारलं, "या हुकाबद्दल तुमच्याकडे काही नोंद?"

"नाही," मी म्हटलं. नोंद खरंच नव्हती.

त्याने लिहिलं, 'गिऱ्हाइकाने छेडछाड केली. वॉरंटी रद्द.' वही कोणी मागितली नाही. गाडीला गिऱ्हाइकाने स्वतः भोक पाडल्यावर पाण्याची चाचणी झाली काय, न झाली काय.

दुरुस्तीचा अंदाज निघाला तो गाडीच्या निम्म्या किमतीचा. तेवढे पैसे कुठून येणार? एका माणसाने ती चाकांसाठी आणि सांगाड्यासाठी घेतली, वरचं घर तो कापून टाकणार होता. मामींनी चौदाही पडदे काढले, धुतले, घड्या घातल्या. गाडी फाटकातून गेली तेव्हा कवळीवाले जेवणाच्या वेळेचं विचारावं तशा आवाजात म्हणाले, "चाकं चांगली आहेत तिची." मग दोघं मुलीकडे राहायला गेली, मागच्या खोलीत.

तीन महिन्यांनी दावा बंद झाल्याच्या पत्रावर सही घ्यायला मी तिथे गेले. टपालाने पाठवता आलं असतं. दार मुलीने उघडलं आणि मी बसायच्या आधीच तिने मन मोकळं केलं. बाबांकडे पूर्वी ओळखीची माणसं कवळ्या घासून घ्यायला यायची, दोन डॉक्टरही थोडंथोडं काम पाठवणार होते. आता कोणी फिरकत नाही. "हात गेला त्यांचा, सगळ्यांना कळलंय. मीच कोणाकोणाला सांगून बसले रागाच्या भरात." आणि नवरा? नवरा हेडफिटर झाला, पण घरात बोलत नाही. बाबांसमोर जेवायला बसत नाही. सकाळी त्यांच्या आधी निघतो, रात्री उशिरा येतो.

"मी सांगते त्याला," ती म्हणाली, "किती दिवस मनात धरून ठेवशील? म्हातारी माणसं आहेत, चुकली. मोठ्या मनाने माफ कर. तर उठून बाहेर जातो."

मी पाणी प्यायले.

कवळीवाले खिडकीजवळ बसून धाकट्या नातीच्या बाहुलीचा हात जोडत होते. सही केली. सहीतली एक रेघ जरा हलली होती. कागद नीट धरला नव्हता मी, तसंही असेल. "हेडफिटरला मोठं टेबल देतात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देतात. "बरं झालं," ते म्हणाले. "फिटर म्हणून चांगले आहेत ते." मी त्यांना सांगितलं की आता प्रत्येक नव्या गाडीवर जावईबापू दोनऐवजी चार तास पाणी मारतात आणि मालक बिलावरून ओरडतात. कवळीवाल्यांनी मान डोलावली आणि पुन्हा बाहुली हातात घेतली.

मामी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

"त्या दिवशी दुपारी तुम्ही पाहिलंत ना त्यांना? शिडीवर?"

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात आता काही मिळणार नव्हतं.

"मीही पाहिलं. सुट्टीतच आलो होतो आम्ही, फाटकाशी होतो. पोरीची आई मागे भाजीवाल्याशी बोलत होती. वाटलं, ओरडावं, खाली उतरा म्हणावं. माझंही घर होतं ते." त्यांनी जिन्याचा कठडा पदराने पुसला. "तेवढ्यात पोरगी म्हणाली, आजी, आजोबा वर काय करतायत? मी म्हटलं, दोरी बांधतायत, कपडे वाळत घालायला. मग तिला घेऊन मागे फिरले. कोपऱ्यावर दोन तास बसलो. तीनला आलो."

"त्यांना माहीत आहे, तुम्ही पाहिलंत ते?"

"नाही. त्यांना वाटतं, मला तिथेच सुचलं. खूश आहेत माझ्यावर."

त्या आत गेल्या. मी जिना उतरून ऑफिसात आले आणि फाइलवर शिक्का मारला.

आता कोणी काय भरलं, ते. कारखान्याने काही नाही. खिडकीवाले, झरोकावाले, फ्रिजवाले, काही नाही. शोरूमने पाच आठवड्यांची ताडपत्री, तीही जुनी होती. मला वर्षअखेरीस सगळ्यात कमी दावे मंजूर केल्याबद्दल आठवड्याची पगारी रजा मिळाली, ती मी घेतली. जावई रोज भरतो, पण ते सासऱ्यापर्यंत पोचत नाही. मुलीने बाप भरला आणि तिला ते माहीत नाही. कवळीवाल्यांनी हात भरला. मामींनी सातही खिडक्या.